मॅनेजरच्या चित्रकथेत शिंपी कशाला? प्रतीक-पात्रं घडवण्याची रीत

गायकाचं चरित्र चित्रांत काढणं त्यामानानं सोपं. मंच असतो, दिवे असतात, घाम असतो, समोर किंचाळणारी पोरं असतात. मॅनेजरचं चरित्र काढायला बसलात की पंधराव्या पानापर्यंत कळून चुकतं की आपला नायक एकतर फोनवर बोलतोय, नाहीतर कागद सरकवतोय, नाहीतर विंगेत उभा राहून घड्याळ बघतोय. खरी उलथापालथ त्याच्या पोटात चाललेली, आणि पोटातलं काढायला कॅमेरा नव्हता. प्रतीक-पात्रांची गरज इथे पडते. पण बहुतेक जण ती शोभेला आणतात आणि पुस्तक धुकट करून ठेवतात.

उदाहरणाला एकच माणूस घेऊ: ब्रायन एपस्टीन, लिव्हरपूलच्या चार पोरांच्या बीटल्स या बँडचा मॅनेजर. जन्म लिव्हरपूलचा, 19 सप्टेंबर 1934. मृत्यू लंडनमध्ये, 27 ऑगस्ट 1967. वय 32. घरचा धंदा फर्निचरचा, त्यातूनच पुढे ‘नेम्स’ हे रेकॉर्डचं दुकान. ज्यू कुटुंबातला, समलिंगी, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा. आयुष्याचा निम्मा भाग असा लपवलेला असेल तर प्रतीकाला खरोखरच काम मिळतं.

आधी वही, मग पेन्सिल

पात्राचं पहिलं रेखाटन करण्याआधी प्रसंगांची वही करा. रकाने सहा: पान, तारीख, प्रसंग, पुरावा, पुराव्याची प्रत (म्हणजे दर्जा), प्रतीक. प्रतीला तीन अक्षरं पुरतात. ‘क’ म्हणजे कागद आहे: करार, बातमी, न्यायालयीन नोंद. ‘ख’ म्हणजे कुणाच्या तरी आठवणीतून आलेलं, किंवा एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या आहेत असं. ‘ग’ म्हणजे आपण रचलेलं.

24 जानेवारी 1962 चा पहिला करार घ्या. चौघांच्या सह्या त्यावर आहेत, एपस्टीननं स्वतः केलीच नाही. हे ‘क’. त्याची सहीची रिकामी जागा हीच इतकी बोलकी आहे की तिथे प्रतीक आणणं म्हणजे गोड शिऱ्यावर साखर भुरभुरणं. त्या कागदाला अर्धं पान द्या आणि गप्प बसा.

याउलट, एपस्टीनला बीटल्स हे नाव कळलं कसं? नेहमीची गोष्ट अशी की ऑक्टोबर 1961 मध्ये एक तरुण गिऱ्हाईक दुकानात आलं आणि या पोरांनी गायक टोनी शेरिडनबरोबर जर्मनीत काढलेली तबकडी मागू लागलं. पण ज्या ‘मर्सी बीट’ पाक्षिकात बीटल्सबद्दल छापून येत होतं, ते याच्याच दुकानात विकलं जात होतं आणि तो स्वतः त्यात रेकॉर्डवर लिहीत होता. म्हणजे ‘ख’. इथे पात्र उपयोगी पडतं: चेहरा न दाखवता, पाठमोरं, काउंटरवर कोपर टेकलेलं एक गिऱ्हाईक, आणि त्याच चौकटीत रॅकवर ते पाक्षिक. दोन्ही आवृत्त्या शेजारी उभ्या राहिल्या, कुणाची बाजू घ्यावी लागली नाही.

वही पुरी झाली की ‘क’च्या ओळींवर प्रतीकाच्या रकान्यात सरळ फुली मारा. अपवाद फक्त अशाच ठिकाणी, जिथे कागदावर घटना आहे पण मन नाही.

दोन जाती, त्यांची सरमिसळ नको

संयुक्त पात्र म्हणजे अनेक खऱ्या माणसांची मिळून केलेली एक व्यक्ती. ते बोलतं, चहा पितं, इतरांना दिसतं. शुद्ध प्रतीक म्हणजे एखादी इच्छा, भीती किंवा व्यवस्था, जिला आपण शरीर दिलं. ते फक्त नायकाला दिसतं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: तिसाव्या पानावर अदृश्य असलेलं पात्र साठाव्या पानावर टॅक्सीवाल्याशी बोलतं, आणि वाचक मागची पानं चाळत बसतो.

दशावतारात संकासुर आला की तो कुठून उगवला असं कुणी विचारत नाही. मराठी प्रेक्षकाला ही सवय आहे, त्यामुळे फार समजावून सांगायची गरज नाही. पण म्हणून लिव्हरपूलच्या गोदीवर संकासुर उतरवू नका. प्रतीक त्या आयुष्यातल्या सामानातूनच निघालं पाहिजे. एपस्टीनला बैलझुंजीचं वेड होतं, त्यामुळे मॅटाडोर हे सगळ्यात आधी सुचतं. सगळ्यांनाच सुचतं, आणि वापरूनही झालंय. त्याला ‘पाचवा बीटल’ म्हणतात, त्यावरून सुचणारी ‘पाचवी रिकामी खुर्ची’सुद्धा सोडून द्या.

शिंपी: एक पात्र शेवटपर्यंत

सोळावं लागायच्या आत शाळा सोडताना एपस्टीनची इच्छा कपड्यांचा डिझायनर व्हायची होती. वडिलांनी ती मोडीत काढली आणि 1950 मध्ये पोरगा फर्निचरच्या दुकानात उभा राहिला. पुढे याच माणसानं चामड्याची जाकिटं घालणाऱ्या चार पोरांना सूट चढवले. स्वतः कायम इस्त्रीत. मोडलेली इच्छा, दिखाव्याची शिस्त आणि दुसऱ्यांना घडवणं, हे तिन्ही धागे एका शिंप्यात बसतात.

आता त्याला नियम द्या, आणि ते टेबलासमोर चिकटवून ठेवा. तो बोलत नाही. त्याची सावली पडत नाही. फक्त ब्रायनला दिसतो. तो कधी शिवत नाही, नुसती मापं घेतो. ब्रायन जेव्हा जेव्हा स्वतःऐवजी दुसरं कुणी असल्यासारखा वागतो, तेव्हाच येतो. आणि एकदाच, फक्त एकदाच, हातातली टेप ब्रायनला देतो: 1962 च्या सूटच्या प्रसंगात. त्यानंतर मापं ब्रायन घेतो, इतरांची. पुस्तकाचा कणा तोच.

एक अडचण तिथेच आहे. ते सूट बर्कनहेडच्या एका खऱ्या शिंप्याकडे शिवले गेले. खरा शिंपी आणि प्रतीक-शिंपी एकाच चौकटीत आले तर वाचक गोंधळतो. खऱ्याचे फक्त हात दाखवा, कात्रीसकट. प्रतीकाच्या हातात कात्री कधीच द्यायची नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. शिंपी म्हटलं की टेप गळ्यात, आपला हात आपोआप तशीच काढतो. या पुस्तकात ती गळ्यात घालायची नाही, ना शिंप्याच्या, ना ब्रायनच्या. एपस्टीन झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेनं गेला आणि चौकशीचा निष्कर्ष अपघाती मृत्यू असा होता. गळ्याभोवतीची टेप तिसऱ्यांदा दिसली की वाचक तिला फास म्हणून वाचतो, आणि कागद जे म्हणत नाही ते तुमचं चित्र म्हणून बसतं. टेप मनगटाला गुंडाळा. शेवटच्या प्रकरणात ती नीट गुंडाळी करून टेबलावर ठेवलेली असू द्या. आणि आकडे इंचांत, साठपर्यंत. सेंटिमीटरची टेप काढलीत तर कुणीतरी पत्र पाठवेलच.

एक पान जवळून बघू. सैन्यातली सक्तीची नोकरी, लंडनची बराक. ब्रायननं स्वतः सांगितलेली गोष्ट अशी: रात्री तो मोटारीतून परतला, अंगात बारीक रेघांचा सूट, डोक्यावर बोलर हॅट, हातावर छत्री. पहारेकऱ्यांना वाटलं अधिकारी आला, त्यांनी सलाम ठोकला, आणि अधिकाऱ्याचं सोंग घेतल्याचा ठपका याच्यावर. पुराव्याची प्रत ‘ख’. पाच चौकटी.

पहिली आडवी, पानभर रुंद: फाटक, ओला रस्ता, मोटारीचे मागचे दिवे. माणसं अंगठ्याएवढी.

दुसरी: गुडघ्यापासून खाली. चकचकीत बूट, छत्रीचं टोक, आणि चौकटीच्या कडेनं आत आलेलं टेपचं टोक. शिंपी अजून दिसत नाही.

तिसरी: पहारेकऱ्याचा सलाम. फक्त कोपर आणि टोपी, चेहरा कापलेला.

चौथी मोठी. ब्रायन समोरून. त्याचा उजवा हात अर्धवट वर आलेला. परत सलाम करावा की नको, हे त्याला ठरवता येत नाहीये. मागे शिंपी, दोन्ही खांद्यांवर टेप ताणून धरलेली. ब्रायनच्या ओठांवर जेमतेम हसू.

पाचवी लहान, उजव्या कोपऱ्यात: दुसऱ्या दिवशीचं ऑफिस, टेबलापलीकडे साहेबाचे हात. तोच सूट आता बावळट दिसतो. शिंपी खिडकीपाशी टेप गुंडाळतोय.

फुगा फक्त पाचवीत, एक. चौथ्या चौकटीत मनातलं बोलणं लिहायचा मोह होईल. लिहिलंत तर शिंप्याची गरजच उरली नाही.

टोप: माणूस नसलेलं पात्र

कायद्याची भीती दाखवायला पोलिस काढला की तो खलनायक होतो, आणि भीती त्या एका माणसापुरती आक्रसते. म्हणून नुसता टोप, इंग्लिश कॉन्स्टेबलचा घुमटासारखा. तो कधी सुटा दिसत नाही. दुसऱ्या वस्तूंच्या आकारात लपतो. टेबललॅम्पची शेड, अंडं ठेवायचा कप, हॉटेलच्या स्वागतकक्षातली घंटा. पहिल्यांदा 1957 च्या लंडनमधल्या अटकेच्या पानावर, तिथे तो खराखुरा, एका डोक्यावर. त्यानंतर सगळीकडे फक्त आकार.

1967 च्या उन्हाळ्यातल्या तीन तारखा इथे कामाला येतात. 17 जुलैला वडील गेले. 27 जुलैला इंग्लंड आणि वेल्सपुरता नवा कायदा झाला: एकवीस वर्षांवरचे दोन पुरुष, खासगीत, हे आता गुन्हा नाही. 27 ऑगस्टला ब्रायन गेला. टोपाचा नियम प्रामाणिकपणे पाळायचा तर 27 जुलैनंतर तो दिसता कामा नये. उरलेल्या पानांवर लॅम्पची शेड चपटी काढा, घंटा काढून टाका. बऱ्याच वाचकांच्या ते लक्षातही येणार नाही. पण पुन्हा वाचणाऱ्याला ती खोली अचानक मोकळी का वाटते ते सापडेल, आणि ज्यांना आपल्याकडचा 6 सप्टेंबर 2018 चा 377 कलमाचा निकाल आठवतो त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

गोळ्यांचं पात्र मात्र करू नका. मोहिनी, सर्प, राक्षस, काहीही नको. बाटली बाटलीच राहू द्या, ड्रॉवरमध्ये.

नकार देणारा साहेब

हे संयुक्त पात्र. 1 जानेवारी 1962 ला डेका या रेकॉर्ड कंपनीत बीटल्सची चाचणी झाली, नकार आला. इतर कंपन्यांनीही दारं लावली. शेवटी पार्लोफोन कंपनीचा जॉर्ज मार्टिन भेटला. प्रत्येक नकाराला वेगळा माणूस काढलात तर सहा पानं जातात. एकच साहेब, तेच टक्कल, तीच टेबलावरची पितळी घंटा (टोप इथेही), बदलते फक्त दारावरची पाटी. चार चौकटींत काम उरकतं.

धोका असा की पाट्यांवर खरी नावं आणि खुर्चीत एकच मूर्ख चेहरा ठेवला की एका व्यावहारिक निर्णयाची टवाळी होते. डेकानं त्याऐवजी ब्रायन पूल आणि ट्रेमेलोज हा बँड घेतला. ती मंडळी लंडनजवळची, त्यामुळे सोयीची. ‘गिटारवाल्यांचे दिवस संपले’ हे वाक्य ज्यांच्या नावावर चिकटलंय त्या डेकाच्या डिक रो यांनी ते म्हटल्याचं नाकारलं होतं, आणि रोलिंग स्टोन्सना डेकात त्यांनीच घेतलं. म्हणून पाट्या कोऱ्या ठेवा, आणि ते वाक्य साहेबाच्या तोंडी घालू नका.

माल विकणारा गडीही असाच चटकन उरकता येतो. अमेरिकेत बीटल्सच्या नावानं विग, बाहुल्या, डबे विकायचे हक्क ज्यांना दिले त्यांचा वाटा 90 टक्के आणि एपस्टीनच्या बाजूचा 10, असा तो सुरुवातीचा सौदा. नंतर तो वाढवून घेतला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एका चौकटीत विक्रेता दहा विग मांडतो आणि एक ब्रायनच्या हातात ठेवतो. आकडा लिहायचीही गरज नाही.

किती, कुठे

128 पानांचं पुस्तक धरा, सोळा पानांचे आठ फर्मे. पानाला सरासरी पाच चौकटी म्हणजे साधारण 640. त्यात शुद्ध प्रतीकं दोन, फार तर तीन. मुख्य प्रतीकाला नऊ-दहा प्रवेश, सगळ्या मिळून तीसेक चौकटी. पाचांपेक्षा कमी वेळा आलं तर वाचक विसरतो. पंधरा पानांच्या पुढे गेलं की ते नायकाचा मित्र होऊन बसतं. पहिला प्रवेश बाराव्या पानाच्या आत हवा. तिसऱ्या प्रवेशापर्यंत सगळे नियम वाचकाला न सांगता कळलेले असावेत, कारण मोडायचा नियम एकच, आणि तो माहीत असल्याशिवाय मोडल्याचं कळत नाही.

ब्रायननं लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्सना पहिल्यांदा ऐकलं, त्या 9 नोव्हेंबर 1961 च्या दुपारी शिंपी नको. ब्रायन पायऱ्या उतरून त्या दमट तळघरात जातो आणि पहिल्यांदाच सोंग विसरतो. शिंपी वरच, मॅथ्यू स्ट्रीटवर, थांबलेला दाखवा. अनुपस्थिती हाही प्रवेश धरायचा. वहीत तशी नोंद करा.

काढताना

पात्रपत्र आधी: समोरून, तिरकं, बाजूनं, पाठमोरं, आणि हातांची सहा रेखाटनं. शिंप्याचे हातच चेहरा आहेत. मग प्रत्येक पात्राची काळी आकृती दोन सेंटिमीटर उंचीला छापा. ब्रायन आणि शिंपी ओळखू येत नसतील तर बांध्यात फरक करा, कपड्यांत नव्हे. ब्रायन गुबगुबीत चेहऱ्याचा, सरळ उभा. शिंपी सडपातळ, कमरेत वाकलेला.

टेपचा रंग ठरवताना मजा होते. पिवळा स्वाभाविक, पण बीटल्सच्या शेजारी पिवळा म्हटलं की त्यांच्या ‘यलो सबमरीन’ गाण्यातली पाणबुडी. लाल घेतला तर मराठी वाचक लालफीत वाचतो. फिकट हिरवा घ्या, सायन (छपाईचा निळा) 35 टक्के, पिवळा 45, बाकी शून्य, आणि तो पुस्तकात दुसऱ्या कशालाही वापरू नका, अगदी पानांनासुद्धा. रंगवणारा दुसरा असेल तर हा नियम त्याला लिहून द्या. बागेच्या पहिल्याच चौकटीत तो मोडला जातो.

रेषा 600 डीपीआय, रंग 300, कापायला चहूबाजूंनी 3 मिलिमीटर जास्त.

मराठी लेटरिंगचं दुखणं वेगळं. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे साडेनऊ पॉइंटच्या अक्षराला ओळीचं अंतर तेरा-चौदा हवं. फुग्यात अठरा-वीस शब्दांवर जाऊ नका. अक्षरांमधलं अंतर वाढवून फुगा भरू नका, शिरोरेघ तुटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत आणि जोडाक्षरं नीट सांभाळतात. पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही भारतीय लिप्या जुळवणारी सोय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. छापायला देण्याआधी ‘लिव्हरपूल’ शोधून बघा, लगेच कळेल. आणि ब्रायन ज्या नाट्यसंस्थेत शिकायला गेला तिचं नाव पूर्ण लिहा, रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. तिचं आद्याक्षरी रूप मराठीत ‘राडा’ होतं, आणि ‘ब्रायननं राडा अर्धवट सोडला’ या फुग्यावर सगळं गांभीर्य वाहून जातं.

एक हत्यार मराठीत फुकट मिळतं: तुम्ही आणि तू. इंग्रजीत ती सोय नाही. सुरुवातीला पोरं ‘मिस्टर एपस्टीन, तुम्ही’ म्हणतील. ‘तू’वर आधी कोण येतं, कोणत्या पानावर, हे ठरवून वहीत ‘ग’ म्हणून लिहा. आमच्या मते आधी चौघांतला लेनन. शिंपी बोलतच नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न मिटला.

कायद्याचं, थोडक्यात

गाण्यांच्या ओळी छापू नका. भारतात शब्दांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि बीटल्सची गाणी लिहिणाऱ्यांपैकी मॅकार्टनी हयात आहेत. गाणं दाखवायचं तर ऐकणाऱ्याचं तोंड काढा. गाजलेल्या छायाचित्रावरून सरळ ट्रेस करू नका, तो छायाचित्रकाराचा हक्क. मृत माणसाची बदनामी हा आपल्याकडे विषय होऊ शकतो: भारतीय न्याय संहितेचं 356 कलम, नातेवाइकांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. ‘ख’ आणि ‘ग’ची पानं वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

तीन वाचक

कच्ची पानं तिघांना द्या: बीटल्स पाठ असलेला, नुसती नावं ऐकलेला, आणि चित्रकथा कधी न वाचलेला. ‘आवडलं का’ विचारू नका. विचारा, ‘शिंपी कोण?’ तिघांनी तीन शब्दांत वेगवेगळी पण एकमेकांना न खोडणारी उत्तरं दिली तर पुढे जा. कुणी ‘त्याचा मामा का?’ म्हणालं तर सावली कुठेतरी राहिलीये, किंवा दुसऱ्या कुणाची नजर चुकून त्याच्याकडे वळलीये. डोळ्यांच्या दिशा तपासा. दहापैकी आठ वेळा चूक तिथेच सापडते. आणि कुणी शेवटच्या पानावर महर्षी महेश योगी का नाहीत असं विचारेल. ब्रायन गेला तेव्हा चौघे वेल्समधल्या बँगरला महर्षींच्या शिबिरात होते. ऋषिकेश 1968 मधलं, ते या माणसाच्या आयुष्यात नाही.

कबुलीचं टिपण पुस्तकाच्या मागे टाका. पुढे टाकलंत तर वाचक पहिल्या पानापासून खोटं शोधत बसतो. मजकूर इतकाच पुरे: ‘शिंपी नावाचं कुणी ब्रायन एपस्टीनच्या आयुष्यात नव्हतं. नकार देणारा साहेब अनेकांचा मिळून झाला आहे. तो कुणा एकाचं चित्र नाही. काउंटरवरचं गिऱ्हाईक आलं असेल किंवा नसेल. टोप खरा होता, 27 जुलै 1967 पर्यंत.’